फोटो चांगला आहे, पण आहे कशाचा?

आमच्या घराण्यात आजघडीला फोटो न काढणारा माणूस एकच आहे आणि तो सात महिन्यांचा आहे. बाकीचे सगळे त्याचे फोटो काढण्यात गुंतलेले असतात. मेहुण्याकडे तर रीतसर कॅमेरा आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो उतरतात, ते टिपायला त्यानं हातभर लांब लेन्स घेतली. किमतीचा आकडा बायकोला कळू नये म्हणून लेन्स मित्राची आहे असं तो घरी सांगतो. तो मित्र आपल्या घरी ती ह्याची आहे असं सांगतो. एका लेन्सवर दोन संसार सुखानं चालले आहेत.

फोटो काढणाऱ्यांची अशी चंगळ असताना दुसऱ्याचा फोटो बघायला मात्र कुणाला फुरसत नाही. आमच्या आत्याबाई कुटुंबाच्या ग्रुपवर रोज पहाटे सूर्योदय टाकतात. सूर्य कुठला, समुद्र कुठला, कुणी विचारत नाही. सगळे अंगठा दाखवतात आणि दात घासायला जातात.

एका लग्नाच्या पंगतीत मी मुद्दाम विषय काढला. आपल्याकडे गाणाऱ्यांची नावं विचारा, माणूस घराण्यासकट सांगेल. नाटकवाले विचारा, कोण कुठल्या प्रयोगाला वाक्य विसरला होता तेही सांगेल. पण ‘तुमच्या आवडीचे पाच फोटोग्राफर सांगा’ म्हटल्यावर पंगत अशी गप्प झाली की वाढप्याला वाटलं मठ्ठ्यात काही पडलं. मग एका काकांनी ‘गौतम राजाध्यक्ष!’ म्हणून बाजू सावरली. बरोबर आहे. नटनट्या मुळात देखण्या असतात, पण राजाध्यक्षांच्या फोटोत त्या घरंदाजही दिसायच्या. मात्र ते २०११ साली गेले. दुसरं नाव रघू राय आलं. तेही बरोबर. त्यांचा चर्चगेट स्टेशनचा १९९५चा फोटो एकाला आठवत होता. सगळी गर्दी धूसर होऊन वाहतेय आणि मधेच काही माणसं पेपर वाचत स्थिर उभी आहेत. त्यावर डोंबिवलीच्या मामांनी, ‘चर्चगेटला पेपर उघडण्याइतकी जागा असते, तेव्हा पश्चिम रेल्वेवाल्यांनी आमच्यापुढे रडू नये,’ असा शेरा मारला. चर्चा फोटोवरून लोकलवर गेली ती आइस्क्रीम येईपर्यंत परतली नाही. तिसरं नाव निघालंच नाही. म्हणजे निघालं, ‘आमच्या धाकट्याच्या लग्नात होता तो’, पण तो कोण ते कुणाला आठवेना. त्यानं अल्बम अजून दिलेला नाही, एवढंच सगळ्यांना पक्कं आठवत होतं.

ह्यात लोकांना बोल लावण्यात अर्थ नाही. फोटोग्राफरचं नाव दिसूच नये अशी चोख व्यवस्था आपण केलेली आहे. लग्नपत्रिकेत आजोबा, काका, मामा, झाडून सगळे असतात. ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारं, अजून बोलायलाही न लागलेलं बाळ असतं. ज्याच्या हातून त्या दिवसाचा एकमेव पुरावा उरणार, तो नसतो. वर्तमानपत्रात फोटोखाली नाव असतं खरं, पण मुंग्यांनी वाचावं इतक्या बारीक टायपात, आणि कधी कधी कडेला उभं. मान वाकडी केल्याशिवाय ते वाचता येत नाही.

मी मान वाकडी करायला सुरुवात केली. चष्म्याचा नंबर वाढला, पण काही नावं हाती लागली. एका नावाचा माग काढावा तर ते दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं. आणि गंमत म्हणजे ही माणसं फ्लेमिंगोंच्या मागं मुळीच नव्हती. कुणी घड्याळांच्या मागं होतं, कुणी फायलींच्या, कुणी पटेलांच्या. सगळी एकेका खुळानं झपाटलेली. बरा फोटो काढणारे गल्लोगल्ली मिळतात. एकाच खुळाला पंधरा-वीस वर्षं खाऊपिऊ घालणारे थोडे. मला हुरूप येतो तो त्यांच्याकडे बघून. आत्याबाईंच्या सूर्योदयावर जे प्रेरणादायी विचार छापलेले असतात, ते वाचून मला आजवर फक्त पुन्हा झोप आलेली आहे.

आता चिरोदीप चौधुरी यांचंच घ्या. मुंबईचे हे फोटोग्राफर १९९६पासून मुंबईतली सार्वजनिक घड्याळं टिपत आले आहेत. राजाबाई टॉवरचं घड्याळ आपल्याला ठाऊक असतं. सीएसएमटीचं तर आपण धावता धावता बघतो, म्हणजे किती चुकली ते कळतं. पण जुन्या इमारतींच्या कपाळांवर आणि मनोऱ्यांवर अशी कितीतरी घड्याळं आहेत. ती कुणाला दिसत नाहीत, कारण मुंबईत मान वर करून चालणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर खड्ड्यात असतो. चौधुरींनी वर्षानुवर्षं हा धोका पत्करला. काही घड्याळं चालू, काही बंद, काहींचे काटे गायब. फोटोंचा तो संच बघताना मला राहून राहून वाटत होतं, की कुणीतरी पदरमोड करून रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला फुकट वेळ सांगत होतं. प्रेमचंद रायचंद यांनी राजाबाई टॉवरला पैसे दिले आणि नाव आईचं दिलं, १८७८मध्ये तो पुरा झाला. आज एखाद्या शेठजीनं मनोरा बांधला तर त्यावर घड्याळ येणार नाही, फ्लॅटचा दर येईल.

ते फोटो बघून झाल्यावर मी फोर्टात एका घड्याळाखाली वर तोंड करून उभा राहिलो. मिनिटाभरात शेजारी आणखी चौघे वर तोंड करून उभे. त्यातल्या एकानं दबक्या आवाजात विचारलं, ‘उडी मारतोय का कोण?’ घड्याळ आहे म्हटल्यावर त्याची घोर निराशा झाली. जाताना मनगटाकडे बघत तो म्हणाला, ‘सात मिनिटं मागं आहे.’ म्हणजे बघितलं तर त्यानंही.

पण माझ्या ह्या नादाला घरात खरी प्रतिष्ठा मिळाली ती दयानिता सिंग यांच्यामुळे, आणि तीही सासऱ्यांमार्फत. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त म्हणजे पगार थांबला एवढंच. किराण्याच्या यादीवर ते अजूनही तारीख घालून सही करतात. दयानिता सिंग यांचं ‘फाइल रूम’ हे पुस्तक २०१३मध्ये जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनानं काढलं. त्यात काळ्या-पांढऱ्या छटांत आहेत ते देशभरातले दप्तरखाने. छतापर्यंत गेलेली कपाटं, वाकलेल्या मांडण्या, गठ्ठ्यांवर गठ्ठे आणि त्या कागदांच्या राशींत सरावलेली माणसं. मी पुस्तक टीपॉयवर उघडं ठेवून चहा आणायला गेलो. परत आलो तर अण्णांच्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा आणि पुस्तक मांडीवर.

‘हे रुमाल कुणी बांधलेत?’ अण्णांनी विचारलं. पेशवे दप्तरापासून कागद कापडात बांधून ठेवायची जी रीत आहे, तिच्यातल्या गाठीबद्दल ते बोलत होते. ‘अशी गाठ मारली तर सोडणारा कापड फाडतो.’

‘अण्णा, हे फोटो जगभर प्रदर्शनांत लागतात.’

‘लागू देत. पण खाली ठिकाण नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. अशी नोंद आम्ही त्रुटी काढून परत पाठवली असती.’

बाईंनी फोटोंखाली मजकूर घातलेला नाही तो मुद्दाम, बघणाऱ्यानं नुसतं बघावं म्हणून, हे मी त्यांना समजावू लागलो. अण्णांचं लक्षच नव्हतं. ते एका पानावर थांबले होते. खूप वेळानं म्हणाले, ‘ह्या माणसाकडे जा, पाच मिनिटांत कागद काढून देईल.’

‘कशावरून?’

‘बसलाय बघा कसा. ज्याला कागद सापडत नाही तो उभा असतो.’

फोटो बघणं म्हणजे काय, ह्याचा एवढा नेमका धडा मला कुठल्याही समीक्षकाकडून मिळालेला नाही. समीक्षक ह्या फोटोंबद्दल ‘स्मृती’, ‘सत्ता’, ‘अवकाश’ असं बरंच लिहितात. ते खोटं नाही. पण सातबाऱ्यावरचा फेरफार शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला त्या गठ्ठ्यांत सत्ताबित्ता दिसत नाही. त्याला एक ओळखीचा, नीट काम करणारा माणूस दिसतो. दयानिताबाईंचं मोठेपण हे की दोघांनाही तो फोटो पुरून उरतो.

मग अण्णांनी ‘कोण ह्या बाई?’ अशी चौकशी सुरू केली. मी माहिती पुरवली. अहमदाबादच्या एनआयडीत शिकत असताना झाकिर हुसेन यांच्या मैफलीत त्यांना फोटो काढू देईनात. तेव्हा ही मुलगी थेट झाकिरभाईंपुढे गेली आणि आज मी विद्यार्थिनी आहे, उद्या मोठी फोटोग्राफर होईन, मग बघू, अशा अर्थाचं सुनावून आली. पुढं त्यांच्याबरोबर हिंडून तिनं १९८६मध्ये पहिलं पुस्तक केलं ते झाकिर हुसेन यांच्यावरच. २०२२मध्ये स्वीडनचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, दक्षिण आशियात पहिलाच. वीस लाख क्रोनर. अण्णांनी क्रोनरचा भाव विचारला, मनात गुणाकार केला आणि पुस्तक कव्हर घालून ठेवायला सांगितलं.

बाईंचं आणखी एक प्रकरण आहे, ‘म्युझियम भवन’ नावाचं. त्यांनी मोठमोठ्या लाकडी चौकटी करवून घेतल्या, उघडमिट होणाऱ्या, ज्यांतले फोटो वाटेल तेव्हा बदलता येतात. अशा एकेका चौकटीला त्या संग्रहालय म्हणतात. २०१७मध्ये हेच सगळं त्यांनी एका डब्यात बसवलं. घड्या घालून मिटणारी नऊ छोटी पुस्तकं, घरच्या टेबलावर उभी केली की झालं प्रदर्शन. मी हे भारावून सांगत होतो तेव्हा बायको भाजी निवडत होती. ‘म्हणजे आपल्या हॉलमधलं शोकेसच की,’ ती म्हणाली, ‘फक्त आपण त्यातला ताजमहाल तेवीस वर्षांत हलवला नाही.’ त्या संध्याकाळी ताजमहाल माळ्यावर गेला. दृश्यकलेचा आमच्या घरावर झालेला हा पहिला ठोस परिणाम.

मेहुण्याची गोष्ट वेगळी. तो तंत्राचा माणूस, त्याला एकदम फायली दाखवून चालणार नव्हतं. म्हणून मी त्याला पैशाच्या बाजूनं गाठायचं ठरवलं आणि आंद्रेआस गुर्स्की यांचा ‘ऱ्हाइन दोन’ दाखवला. १९९९चा फोटो. खाली हिरवळ, मग एक पायवाट, हिरवळ, नदीचा राखाडी पट्टा, पुन्हा हिरवळ, वर ढगाळ आभाळ. बस्स. नोव्हेंबर २०११मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो त्रेचाळीस लाख डॉलरच्या वर गेला. त्या वेळच्या हिशेबानं वीस कोटी रुपयांहून जास्त. तोवर कुठल्याही फोटोला एवढी किंमत आली नव्हती.

मेहुणा बराच वेळ स्क्रीन मोठी करकरून शोधत राहिला. शेवटी म्हणाला, ‘भावजी, ह्यात पक्षी कुठाय?’

पक्षी नव्हता. उलट जे होतं तेही गुर्स्कींनी संगणकावर पुसून टाकलं होतं. पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत पुसली, कुत्रा फिरवणारी माणसं पुसली. हे ऐकून मेहुण्याचा तोल गेला. त्याचं म्हणणं, आमच्या नाक्यावरचा स्टुडिओवाला पासपोर्टच्या फोटोतून मागचं कपाट पुसायला शंभर रुपये घेतो, त्याला कुणी न्यूयॉर्कला बोलावत नाही. ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मात्र दुसऱ्या दिवशी त्यानं मला मुठेचा एक फोटो पाठवला. नुसतं पाणी आणि काठ. ‘हा कितीला जाईल?’ असं खाली विचारलं होतं. गंमत सोडा, पण भिडे पुलाखालची नदी इतकी निवांत मी कधी बघितली नव्हती. त्यानं काढलेल्या फ्लेमिंगोंच्या दीड हजार फोटोंतला एकही मला आठवत नाही, हा आठवतो. मी हे त्याला सांगितलेलं नाही. लगेच नदीसाठी वेगळी लेन्स घेईल.

जपानच्या हिरोशी सुगिमोतो यांनी तर कमालच केली आहे. चित्रपटगृहात मागं कॅमेरा लावायचा, सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की मिटायचं. अख्खा सिनेमा एका फोटोत. १९७०च्या दशकात त्यांनी हे सुरू केलं. फोटोत येतो पडद्याच्या जागी एक लख्ख पांढरा चौकोन, आणि त्याच्या उजेडात न्हालेलं रिकामं थिएटर. पडद्यावरचे सगळे नट, गाणी, मारामाऱ्या, सगळं त्या पांढऱ्यात जिरलेलं. हिनं विचारलं, ‘सिनेमा कुठला होता?’ मी म्हटलं, काय फरक पडतो? ‘पडतो ना. टुकार असला तर बरं झालं.’

ह्या दोघांपायी माझा रोख परदेशी फोटोंकडे वळत चालला होता आणि मी दिवाणखान्यात ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ म्हणणाऱ्या जमातीत सामील होण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात गौरी गिल यांचं काम समोर आलं आणि ते निघालं जव्हारचं. पालघर जिल्ह्यातलं आपलं जव्हार. मुंबई-ठाण्याची माणसं पावसाळ्यात दाभोसा धबधब्यापुढे ओलेत्यानं उभी राहून फोटो काढून घेतात, ते. तिथल्या कोकणा आणि वारली गावांत बोहाडा होतो. देवदेवतांचे, राक्षसांचे कागदी लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून रात्र रात्र सोंगं नाचतात. गौरी गिल तिथं गेल्या आणि सुभाष व भगवान धर्मा कडू ह्या मुखवटे घडवणाऱ्या भावांना आणि त्यांच्या सोबतच्या कारागिरांना त्यांनी गळ घातली, की देवांचे मुखवटे तुम्ही करताच, आता आजच्या जगण्याचे करा. २०१५पासून हे सुरू झालं. मग माणसांचे मुखवटे झाले, म्हातारपणाचे, आजारपणाचे, पशुपक्ष्यांचे, रोजच्या वापरातल्या वस्तूंचे. गावातल्याच माणसांनी ते चढवले आणि आपापल्या घरात, अंगणात, रस्त्यात रोजचेच प्रसंग करून दाखवले. फोटोत बाकी सगळं साधं आहे. भिंत, खाट, साडी, सदरा. फक्त धडावर डोकं भलत्याचंच.

पहिल्यांदा बघताना हसू येतं. मग जरा वेळानं लक्षात येतं की गावाचा असा फोटो आपण बघितलेलाच नाही. एरवी शहरातला फोटोग्राफर आदिवासी पाड्यावर जातो तो लांब लेन्स घेऊन. एखाद्या आजीबाईच्या तोंडावरच्या सुरकुत्या मोजून घेतो, खाली ‘निरागस हास्य’ असं लिहितो आणि स्पर्धेला पाठवतो. आजीबाईंना कळतही नाही की त्या निरागस होत्या. इथं उलट आहे. चेहरा कुठला दाखवायचा हे चेहऱ्याच्या मालकानं ठरवलंय, आणि फोटोवालीनं ते मुकाट मान्य केलंय. २०१७मध्ये हे फोटो जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात लागले. म्हणजे कासेलच्या लोकांना जव्हार कळलं, आणि चार तासांवर राहणाऱ्या आम्हाला अजून तिथला धबधबाच माहीत. गौरीबाईंना २०२३चा ‘प्री पिक्टे’ पुरस्कार मिळाला तो राजस्थानच्या वाळवंटातल्या कामासाठी. पण माझं मत विचाराल तर जव्हार. माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी.

पटेलांचं राहिलंच. केतकी शेठ ह्या मुंबईच्या फोटोग्राफर. त्यांनी ब्रिटनमधली आणि गुजरातेतली जुळी शोधली, अट एकच, आडनाव पटेल हवं. ‘ट्विनस्पॉटिंग’ हे त्यांचं पुस्तक १९९९चं. असलं खूळ घरात सांगितलं तर आई दृष्ट काढेल. त्यानंतर २०१८मध्ये त्यांचं ‘फोटो स्टुडिओ’ आलं, देशभरातल्या मरणपंथाला लागलेल्या जुन्या स्टुडिओंचं. रंगवलेला पडदा, खुर्ची, खोटी फुलं. आपल्यातल्या एका अख्ख्या पिढीची लग्नं ह्याच पडद्यांपुढे ठरलेली आहेत. स्थळासाठी फोटो काढायला गेलेल्या मुलीच्या हाताशी स्टुडिओवाला फुलदाणी द्यायचा, ‘हनुवटी जरा वर, नाही, एवढी वर नाही’ म्हणायचा, आणि त्या फोटोतला स्वित्झर्लंड बघून सांगलीचा मुलगा होकार कळवायचा.

बंगळुरूच्या कॉप शिवांचं नाव घेतल्याशिवाय मात्र पुढं जाववत नाही. हे मूळचे पोलीस शिपाई. एरवी पोलीस आणि कॅमेरा म्हटलं की ‘ए, फोटो काढायचा नाही’ एवढंच आपल्याला माहीत. ह्यांनी स्वतःच कॅमेरा उचलला आणि बसवराज नावाच्या एका शाळामास्तरांचे फोटो काढत सुटले. हे मास्तर अंगभर चंदेरी रंग फासून गांधीजी होतात आणि पुतळ्यासारखे गावोगाव उभे राहतात. फोटोंत चकाकणारे गांधीजी बघणाऱ्यांच्या गराड्यात, गांधीजी एकटे. आपल्या चौकाचौकांतले गांधीजी वर्षातून एकदा धुतले जातात, हे रोज स्वतः धुऊन घरी जातात. शिपायानं मास्तरांना पकडलं नाही, टिपलं, ह्यातच त्या खात्याबद्दलची माझी आशा थोडी वाढली.

ह्या सगळ्या खुळ्यांत एक काम असं आहे की ते बघताना विनोद सुचत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो. गटारात छातीपर्यंत उतरलेली, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली माणसं. आणि तीच माणसं घरी, बायकापोरांत. कित्येक वर्षं ते ह्या कामगारांबरोबर राहिले, त्यातून पुस्तक झालं, २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातला एक फोटो मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पलीकडच्या गल्लीतलं ड्रेनेज त्या आठवड्यात तुंबलं होतं, तेव्हा विषय अगदीच परका नव्हता. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. एरवी तिथं पाण्याच्या टँकरवरून रात्री दोनपर्यंत युद्ध चालतं. मग सेक्रेटरींचा निरोप आला : ‘सभासदांनी कृपया फक्त सोसायटीविषयक पोस्ट टाकाव्यात.’ त्याच्याखाली त्यांनी स्वतः एक कमळाचं फूल टाकलं, शुभ सकाळ म्हणून.

ही पुस्तकं विकत घ्यायची म्हटलं तर ती पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असतात आणि दुकानदार आपल्या कपड्यांकडे बघून ती फोडून देतो किंवा देत नाही. मराठीत त्या मानानं सोय आहे. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हातात घेऊन उभ्या उभ्या चाळता येतं, आणि मग खाली ठेववत नाही. वारीवरही त्यांचं पुस्तक आहे. वारीचे फोटो हा तसा बदनाम विषय. दिवे घाटात हल्ली वारकऱ्यांना चढाचा त्रास कमी आणि लेन्सचा जास्त होतो. पण भंडारे ड्रोनसारखे वरून बघत नाहीत, दिंडीत माणूस चालतो त्या उंचीवरून बघतात. फडावरची बाई असो की वारकरी, समोरचा माणूस त्यांना ओळखतो हे फोटोतल्या त्याच्या नजरेवरून कळतं.

प्रदर्शनं फुकट असतात, म्हणून अण्णा हल्ली माझ्याबरोबर येतात. फोटोंच्या प्रदर्शनाला एक ठरलेली अडचण असते. खुद्द फोटोग्राफर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला असतो आणि आपण कुठल्या फोटोपुढे किती वेळ थांबलो, हे तो मोबाइलमध्ये डोकं घालून बरोबर बघत असतो. त्यामुळे न आवडलेल्या फोटोपुढेही माणुसकी म्हणून थांबावं लागतं. दाराशी तर त्याला चुकवताच येत नाही. तिथं लोक त्याला तीन प्रश्न विचारतात. कॅमेरा कुठला, मेगापिक्सेल किती, आणि लग्नाच्या ऑर्डरी घेता का. मग अभिप्रायाची वही. तिच्यात ‘अप्रतिम’ असतं. ‘शब्द नाहीत’ लिहून पुढे दीड पान शब्द असतात. सत्तरीच्या कलावंताला ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असतात.

गेल्या खेपेस अण्णांनी वही ओढून घेतली, खिशातलं स्वतःचं पेन काढलं, डावीकडे समास सोडला आणि लिहिलं : ‘पाहिले. फोटो क्र. ४ ते ९ समाधानकारक. क्र. १२ पुन्हा पाहण्याजोगा. तपशील जोडलेला नाही.’ खाली सही, तारीख, वेळ.

आम्ही जिन्याशी पोचलो तर तो फोटोग्राफर मागून आला. तरुण पोरगा. ‘काका, बारा नंबर का?’ त्यानं विचारलं. इतकी मंडळी येऊन गेली, पण नंबर घालून कुणी बोललं नव्हतं म्हणे. अण्णा त्याला पुन्हा बारा नंबरपाशी घेऊन गेले आणि त्यातल्या म्हाताऱ्याच्या चपलांवरून तो कुठल्या कामाला निघाला असावा ते सांगू लागले. पोरगा ऐकत राहिला, मग त्यानंही काय काय सांगितलं. एकाच वाडीत तो कितीतरी वर्षं जातोय, हजारो फोटो झालेत, इथं लावलेत ते अगदी थोडे.

‘बाकीचे कुठे असतात?’ अण्णा.

‘हार्ड डिस्कवर.’

‘आणि त्याची नक्कल?’

पोरगा माझ्याकडे बघू लागला. ‘नक्कल नाही,’ तो म्हणाला, ‘एकच आहे.’

‘एकच?’ असं म्हणून अण्णांनी कोपऱ्यातली त्याची खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि त्याला समोर उभं केलं.